आधी कोण, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

ते : माझी तक्रार साधी आहे. तोच बोर्ड, तेच सॉफ्टवेअर, तेच मेमरी कार्ड. पण वाळूजला दुपारी लाइट जाऊन आली की मशीन दर वेळी वेगळ्याच तऱ्हेने उठतं. कधी बारकोडचा स्कॅनर पहिल्या पोर्टवर दिसतो, कधी वजनकाटा. एखाद्या दिवशी कॅमेरा येतच नाही, आणि पुन्हा बंद-चालू केलं की निमूट येतो. मी आयुष्यभर पॅनेल चालू करत आलो. पीएलसीचा प्रोग्रॅम वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचला जातो. आज तसा, दहा वर्षांनीही तसाच. पॅनेलचं म्हणशील तर आधी चोवीस व्होल्टचा कंट्रोल सप्लाय, मग पीएलसी, मग ड्राइव्हकडून ‘ठीक आहे’ असा सिग्नल, आणि तो आल्याशिवाय मेन कॉन्टॅक्टर ओढायचा नाही. हा क्रम दाराच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवलेला असतो. रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन नवा असला तरी कागद वाचून चालवतो. तुमच्या लिनक्स कर्नलला असा एक कागद का लावता येत नाही, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

ती : कागद होता, सर. लिनक्सच्या २.२ पर्यंतच्या कर्नलमध्ये तो अगदी शब्दशः होता. डिस्कवाल्यांची यादी एका फंक्शनात, टर्मिनलवाल्यांची दुसऱ्यात. प्रत्येक उपकरणाच्या नावाभोवती ‘हे निवडलं असेल तरच’ अशी अट, आणि वरून खाली एकेकाला हाक. नवा ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला याच फाइलींत हात घालावा लागायचा. मग पद्धत बदलली. ड्रायव्हरने आपल्या सुरुवातीच्या फंक्शनचा पत्ता एका ठरलेल्या कप्प्यात टाकायचा, लिंकरने ते कप्पे एकापाठोपाठ रचायचे, आणि बूट होताना कर्नलने ती रांग चालत जायची. कप्प्यांच्या पायऱ्या शून्य ते सात. गाभा आधी, मग प्रोसेसरशी निगडित गोष्टी, मग उपप्रणाल्या, फाइल सिस्टिम, सहाव्या पायरीवर साधी उपकरणं, सातवीवर उशिरा येणारे. एकाच पायरीवरचे दोघे असतील तर मेकफाइलमध्ये ज्याची ओळ वर, तो आधी. ड्रायव्हर्सच्या मुख्य मेकफाइलमध्ये आजही टिपा आहेत : पिनांची जुळणी करणारा भाग जीपीआयओच्या आधी हवा, रेग्युलेटर लवकर हवेत कारण बाकीचे त्यांच्यावर अवलंबून आहेत, पडद्याचा कन्सोल मुळातला ठरावा म्हणून टर्मिनलवाले कॅरेक्टर उपकरणांच्या आधी. तुम्हाला हवा तो कागद हाच. फक्त दारावर नाही, बिल्ड करण्याच्या फाइलीत आहे.

ते : मग सोडलात कशाला? विंडोजमध्ये तर ड्रायव्हरांच्या गटांचा क्रम रजिस्ट्रीत सरळ लिहून ठेवलेला असतो. कोणता गट आधी, कोणता नंतर. फ्रीबीएसडीमध्ये प्रत्येक सुरुवातीच्या फंक्शनला दोन आकडे देतात, एक उपप्रणालीचा आणि दुसरा तिच्या आतल्या क्रमाचा, आणि बूट होताना त्यावरून यादी लावतात. लोक करतातच ना?

ती : करतात. फ्रीबीएसडीचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. ती यादी लावायला तिथे बबल सॉर्ट होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात तो. हजाराहून जास्त नोंदी, तरी वर्षानुवर्षं कोणाला बोचलं नाही, कारण मशीन उठायला मुळात वेळ लागायचाच. २०२३ मध्ये कॉलिन पर्सिव्हल फायरक्रॅकर नावाच्या छोट्या आभासी मशीनवर कर्नल चालवत होते, आणि बूटचा सुमारे सात टक्के वेळ नुसती ही यादी लावण्यात जातो असं त्यांना दिसलं. मग मर्ज सॉर्ट आला.

ते : यातून यादी चुकीची ठरत नाही. लावण्याची रीत गचाळ होती एवढंच.

ती : मान्य. यादीवरचा माझा खरा आक्षेप वेगळा आहे. तुमचा कागद एका पॅनेलचा असतो. कर्नल एकच, आणि तो हजारो तऱ्हांच्या बोर्डांवर चालतो. साध्या पीसीवर हे खपून जायचं, कारण वीज, क्लॉक वगैरे बायोसने आधीच लावून दिलेलं असतं आणि पीसीआय बसवर कोण बसलंय ते बस स्वतः विचारून घेते. आधी बस, मग तिच्यावरचं कार्ड. आईबाप आधी, मूल नंतर. यापलीकडे क्रम लागतच नाही. आता तुमच्या मशीनवरचा बोर्ड घ्या. टचस्क्रीनची चिप एका आय-टू-सी बसवर. तिला वीज देणारा रेग्युलेटर दुसऱ्या बसवरच्या पॉवर चिपमध्ये. तिची रीसेटची पिन तिसऱ्या बसवरच्या जीपीआयओ विस्तारकावर. क्लॉक चौथीकडून. बसचा वृक्ष सांगतो की टचस्क्रीन पहिल्या बसखाली आहे. बाकीची तीन नाती त्या वृक्षात कुठेच नाहीत. एका बोर्डावर जीपीआयओ विस्तारकाला रेग्युलेटरकडून वीज लागते, दुसऱ्या बोर्डावर रेग्युलेटरच जीपीआयओच्या पिनेने चालू होतो. आता सांगा, मेकफाइलमध्ये वर कोणाला ठेवू? काहीही ठेवलं तरी एका बोर्डाचं बिघडणार. लोकांनी मग काय केलं, तर आपापल्या ड्रायव्हरला एकेक पायरी वर सरकवलं. सहावीवर जमत नाही, चौथीवर न्या. दुसऱ्याने तेच केलं की पुन्हा बरोबरी, मग चौथीच्याच पण ‘जरा नंतरच्या’ कप्प्यात टाका. पायऱ्यांची नावं राहिली, अर्थ गेला.

(दोघेही छत्रपती संभाजीनगरचे. ते वाळूज आणि शेंद्र्याला यंत्रं उभी करण्यात मुरलेले. ती विद्यापीठाच्या आवारातल्या एनआयईएलआयटीमध्ये शिकली आणि आता ड्रायव्हर लिहिते. यापुढे माझी लुडबूड फारशी नाही. एवढं मात्र नोंदवून ठेवतो की वर तिने सांगितलेली अडचण खरी आहे, आणि ‘एक कागद लावा’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी आयुष्यात एकाच प्रकारचं पॅनेल पाहिलेलं असतं. यांनी बरीच पाहिली आहेत, म्हणून यांचं म्हणणं जास्त ऐकण्यासारखं.)

ते : ठीक. मग यावर तुम्ही शोधलेला उपाय मला माहीत आहे, आणि माझा राग त्यावरच आहे. ड्रायव्हर उठतो, बघतो की रेग्युलेटर अजून आलेला नाही, आणि म्हणतो, ‘मला नंतर बोलवा.’

ती : डिफर्ड प्रोब. ग्रँट लाइकली यांचं काम, मे २०१२ च्या ३.४ कर्नलमध्ये आलं. ड्रायव्हरने ५१७ हा एरर क्रमांक परत करायचा. कर्नल त्याला थांबलेल्यांच्या यादीत टाकतो. पहिली फेरी आटोपली की यादीतल्यांना पुन्हा विचारतो, आणि त्यानंतर कुठलाही ड्रायव्हर आपल्या उपकरणाला यशस्वीपणे लागला की थांबलेल्या सगळ्यांना परत संधी मिळते. त्यात गंमत अशी की क्रम कोणालाच माहीत नसावा लागतो. ज्याला जे हवं ते त्याने मागावं, मिळालं नाही तर बाजूला उभं राहावं. शेवटी सगळे लागतात.

ते : शेवटी! ही तहसील कचेरी झाली. साहेब आले नाहीत, नंतर या. साहेब जेवायला गेलेत, नंतर या. आणि एक दिवस कळतं की त्या पदावर साहेब नेमलेलाच नाही. ‘अजून नाही’ आणि ‘कधीच नाही’ यातला फरक तुमच्या ५१७ ला कळत नाही. आमचा कॅमेरा यायचा नाही तेव्हा लॉग स्वच्छ. एकही चूक नोंदलेली नाही, कारण थांबणं ही तुमच्या हिशेबात चूकच नाही. खिडकीवर उभा असलेला माणूस तक्रार करत नाही म्हणजे त्याचं काम झालं, असा तुमचा समज. आणखी एक. जो ड्रायव्हर अर्ध्यावरून परत फिरतो, त्याने तोवर काहीतरी चालू केलेलं असतं. वीज दिली, मग क्लॉक मिळालं नाही म्हणून वीज काढली, परत आला, परत दिली. तुझ्या टेबलावर ते दिसत नाही. माझ्याकडे त्या लाइनवर रिले असेल तर तो टकटक वाजतो, आणि पलीकडे एखादा व्हॉल्व्ह असेल तर तो हलतो.

ती : तिन्ही आक्षेप खरे, पण तिन्ही सारख्या वजनाचे नाहीत. अर्ध्यावरून परत फिरताना हार्डवेअरला हात लागला असेल तर तो ड्रायव्हर वाईट लिहिलाय. रीत अशी की आधी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी नुसत्या मागून घ्यायच्या, सगळ्या हातात आल्या की मगच पहिला स्विच दाबायचा. लॉग गप्प असतो हे अर्धं खरं. कोण थांबलंय ते डीबगच्या फाइल सिस्टिममध्ये एका फाइलीत दिसतं, आणि २०२० पासून ड्रायव्हर थांबताना कारणही नोंदवू शकतो, ‘रेग्युलेटर मिळाला नाही म्हणून’. जुन्या ड्रायव्हरांनी ती सोय अजून उचललेली नाही, हे कबूल. तिसरा आक्षेप, ‘अजून नाही’ की ‘कधीच नाही’, हा मात्र मुळाशी जातो. त्याच्याकडे येते.

ते : त्याच्याआधी मला हे सांग, की हे सगळं घडताना बघायचं कुठून? माझ्या पॅनेलमध्ये मल्टीमीटर लावून बघता येतं. इथे पडदा यायच्या आधीच मारामारी संपलेली असते.

ती : बघण्याचं साधनही याच रांगेत उभं असतं, ही त्यातली खरी अडचण. यात आपल्याकडचं एक नाव येतं. चालता कर्नल थांबवून आत डोकावण्याचं केजीडीबी हे साधन पुण्यात वाढलं. कर्नलच्या डीबगर फाइलीच्या माथ्यावर व्हेरिटास, अमित काळे आणि त्यांची लिनसिससॉफ्ट ही नावं आजही आहेत. २००८ मध्ये, २.६.२६ मध्ये, ते मुख्य कर्नलमध्ये आलं. पण केजीडीबी बोलतं सीरियल पोर्टवरून, म्हणजे सीरियलचा ड्रायव्हर उठेपर्यंत तेही मुकं. म्हणून ‘अर्ली कन्सोल’ अशी वेगळी पळवाट ठेवली आहे. ती रांग मोडून, कोणालाही न विचारता, बूटलोडरने लावून ठेवलेल्या पोर्टवर थेट अक्षरं ढकलते.

ते : बघ! गरज पडली की तुम्हीही रांग मोडून एकाला पुढे काढता.

ती : एकाला काढलं तर चालतं, सर. सगळ्यांना काढलं की पुन्हा २.२. आता मूळ मुद्दा. डिव्हाइस ट्री नावाची फाइल बोर्डासोबत असते, तुमच्याही बोर्डात आहे. त्यात प्रत्येक उपकरणासमोर लिहिलेलं असतं : याला वीज अमुक रेग्युलेटरकडून, क्लॉक तमुककडून, रीसेट या पिनेवरून. म्हणजे नाती आधीच लिहिलेली आहेत. २०१७ च्या ४.१० कर्नलमध्ये राफाल विसोत्स्की यांनी दोन उपकरणांमध्ये ‘देणारा आणि घेणारा’ अशी कडी जोडण्याची सोय आणली. पुढे गूगलच्या सरवण कन्नन यांनी फर्मवेअरमधली नाती वाचून या कड्या आपोआप जोडण्याचं काम केलं. २०२१ पासून ते मूळ सेटिंगमध्येच चालू असतं. देणारा उठला नसेल तर घेणाऱ्याच्या ड्रायव्हरला हाकच जात नाही. तुमच्या तहसील कचेरीत हेलपाटाच नाही. साहेब आले की निरोप येतो. आणि झोपताना हेच उलट. घेणारा आधी झोपतो, देणारा शेवटी. एकदा नातं सांगितलं की उठण्याचा, झोपण्याचा, बंद होण्याचा, तिन्ही क्रम त्यातून निघतात. तुमच्या कागदावर बंद करण्याचा क्रम वेगळा लिहावा लागतो ना?

ते : लागतो, आणि तो बहुतेक जण लिहीत नाहीत. हे मला आवडलं. पण आता माझं ऐक. त्या फाइलीत वायरिंग लिहिलेलं आहे. वायर आहे म्हणजे गरज आहे असं नाही. सीरियल पोर्टला डीएमएची लाइन जोडलेली असते; डीएमए मिळाला तर पोर्ट वेगाने चालेल, नाही मिळाला तरी चालेल. आता डीएमएचा ड्रायव्हर तुम्ही कर्नलमध्ये घातलाच नाही, तर पोर्ट कोणाची वाट बघत बसणार? दुसरं, नाती गोल फिरली तर? मी वाचलंय, मोबाइलच्या चिपांमध्ये पडद्याच्या फायमधलं पीएलएल डिस्प्लेच्या क्लॉक कंट्रोलरला क्लॉक देतं, आणि तोच कंट्रोलर उलट फायला क्लॉक देतो. दोघेही एकमेकांची वाट बघणार. मग काय?

ती : मग कर्नल ते वर्तुळ ओळखतो आणि त्यातल्या कड्या सैल करतो. म्हणजे त्या दोघांपुरतं पुन्हा जुनं, प्रयत्न करा, नाही जमलं तर थांबा.

ते : म्हणजे सोप्या ठिकाणी नियम, अवघड ठिकाणी नशीब.

ती : नशीब नाही. त्या दोघांच्या ड्रायव्हरांना माहीत असतं की सुरू व्हायला समोरच्याचं क्लॉक लगेच लागत नाही, चित्र दाखवताना लागतं. पण हे ज्ञान ड्रायव्हरच्या आत असतं, फाइलीत नसतं. आणि फाइल वाचून ते कळणार नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. डीएमएच्या बाबतीतही तसंच. ‘असलं तर बरं’ आणि ‘नसलं तर नाहीच’ हा फरक वायरिंगमध्ये दिसत नाही. म्हणून कर्नल काही काळ वाट बघतो आणि मग सोडून देतो. मॉड्यूल चालू असतील तर सध्या ही मुदत दहा सेकंद आहे, आणि नवा ड्रायव्हर नोंदला गेला की ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

ते : आला ना शेवटी टायमर! स्टार-डेल्टा स्टार्टरलाही टायमर असतो. पण तो मी मोटर बघून लावतो. पंखा असेल तर जास्त, रिकामा कन्व्हेअर असेल तर कमी. तुम्ही दहा सेकंद कोणाला बघून लावले?

ती : कोणा एकाला बघून नाही. मध्यंतरी हा आकडा वर-खाली झालाय. वाढवला की ज्यांची मूळ डिस्क नेटवर्कवरून येते त्यांचं बूट अडकलं, कमी केला की ज्यांचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून उशिरा येतात त्यांचं उपकरण हुकलं. प्रत्येक आकड्याला कोणीतरी ओरडलं.

ते : मग माझ्याजवळचा एक अनुभव ऐक, त्यातून तुझ्याच बाजूचा प्रश्न निघेल. एका मशीनवर बूटलोडर पडदा लावायचा, कंपनीचं बोधचिन्ह दिसायचं, आणि अर्ध्या मिनिटाने पडदा काळा. पुढे कधी यायचा, कधी नाही. लोक म्हणाले पडदा खराब. दोन पडदे बदलले. पडदा खराब नव्हता.

ती : हो, हे मी न बघता सांगते. बूटलोडरने त्या पडद्याचा रेग्युलेटर चालू ठेवून दिला. कर्नल आला, त्याने बघितलं की या रेग्युलेटरवर कोणाचाच हक्क नोंदलेला नाही, कारण पडद्याचा ड्रायव्हर अजून आलेलाच नव्हता. रेग्युलेटरचा भाग सुरुवातीची धावपळ संपल्यावर तीस सेकंद थांबतो आणि जे कोणी मागितलेले नाहीत ते बंद करतो, वीज वाचावी म्हणून. क्लॉकचंही असंच, ‘न वापरलेली बंद करू नकोस’ असं बूटच्या ओळीत सांगावं लागतं. क्रम म्हणजे कोण आधी उठणार, एवढंच आपण बोलत होतो. पण ‘याची आता कोणालाच गरज नाही’ हे कधी म्हणायचं, हाही क्रमाचाच प्रश्न आहे, आणि मला विचाराल तर जास्त अवघड. उठवण्यात चूक झाली तर उपकरण येत नाही. इथे चूक झाली तर चालतं उपकरण मरतं. त्यासाठीच या कड्यांवर ‘सिंक स्टेट’ नावाची सोय आणली : फाइलीत लिहिलेले सगळे घेणारे उठेपर्यंत देणाऱ्याने बूटलोडरची स्थिती बदलायची नाही.

ते : आणि त्यातला एक घेणारा कधीच उठणार नसेल तर?

ती : तर तो रेग्युलेटर कायमचा चालू राहतो. फोनवर बॅटरी खातो. तुमच्याकडे बॅटरी नाही, तुम्हाला चालेल.

ते : मला चालेल, फोनवाल्याला नाही. बघ, तू पुन्हा तिथेच आलीस. उत्तर उपकरणात नाही, उपकरण कोणाच्या हातात आहे यात आहे. आणि इतकी धावपळ कशासाठी? हे सगळं एकेक करत उठलं तर काय बिघडतं? माझ्या मशीनला उठायला दोन मिनिटं लागली तरी चालतील.

ती : तुम्हाला चालतील. २००८ मध्ये अर्जन व्हॅन डे व्हेन आणि औके कॉक यांनी एका ईई पीसीवर लिनक्स पाच सेकंदांत उठवून दाखवलं, त्यानंतर एकाच वेळी अनेकांना उठवण्याचं वेड लागलं हे खरं. पण सगळं वेड नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांमध्ये रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत मागचं चित्र दिसलंच पाहिजे असा नियम आहे. आपल्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना हा नियम तोंडपाठ असतो. गाडी चालू केल्या केल्या कोणी रिव्हर्स टाकला तर? एकेक करत उठायला वेळ कुठे आहे?

ते : आणि ते करतात काय? पुष्कळ जण तो कॅमेरा लिनक्सच्या हाती देतच नाहीत. वेगळ्या छोट्या कोअरवर, वेगळ्या प्रोग्रॅमने आधी चित्र दाखवतात, लिनक्स मागाहून येऊन ताबा घेतो. म्हणजे जिथे क्रम खरोखर जिवावरचा आहे, तिथे लोक तुमच्या रांगेतून बाहेर पडतात. यातून मी काय समजायचं?

ती : हेच, की दोन वेगळ्या गोष्टींना आपण क्रम म्हणतोय. तुमची पहिली तक्रार आठवा, स्कॅनर आणि वजनकाटा. तो क्रमाचा प्रश्नच नव्हता. तुम्ही उपकरणाला ‘पहिला पोर्ट’ म्हणून ओळखत होतात, आणि पहिला म्हणजे जो आधी आला तो. ओळख क्रमावर टांगली की क्रम हलल्यावर ओळख हलते. डिस्कला यूयूआयडीने ओळखा, पोर्टला त्याच्या सीरियल क्रमांकाने. नेटवर्क कार्डांची नावं २०१३ मध्ये सिस्टिमडीने याच कारणाने जागेवरून द्यायला सुरुवात केली. मग कोणी आधी येवो की नंतर.

ते : अर्धं मान्य. स्वस्तातल्या दोन यूएसबी कन्व्हर्टरना सीरियल क्रमांकच नसतो. मग कोणत्या सॉकेटला लावलंय त्यावरून ओळखायचं, आणि ऑपरेटर पुसायला म्हणून काढतो आणि दुसरीकडे खोचतो. पण ठीक, तो तुझा दोष नाही. आता दोन वेगळ्या गोष्टी कोणत्या म्हणालीस?

ती : सिस्टिमडीत त्या उघडपणे वेगळ्या लिहाव्या लागतात. ‘याच्याशिवाय माझं चालणार नाही’ ही एक ओळ. ‘मला याच्यानंतर सुरू कर’ ही दुसरी ओळ. नुसती पहिली लिहिली तर दोघेही एकदम सुरू होतात. नवशिके हमखास इथे ठेचकाळतात. नुसती दुसरी लिहिली तर तो असेल तर नंतर, नसेल तरी हरकत नाही. गरज आणि क्रम वेगळे. कर्नलमधल्या कडीत हे दोन्ही एकत्र बांधलेले आहेत. म्हणून डीएमएसारख्या ‘असलं तर बरं’वाल्यांचा घोळ होतो.

ते : तिसरी ओळ राहिली. किती वेळ थांबायचं. गरज ड्रायव्हर लिहिणाऱ्याला कळते, ती तू सांग. क्रम त्यातून कर्नलने काढावा, मी आता त्याला विरोध करत नाही. पण धीर किती धरायचा हे यंत्रावर ठरतं. एकच बोर्ड दोन यंत्रांत बसतो. एकात कॅमेरा नसला तर माल तपासलाच जात नाही, तिथे दोन मिनिटं थांब आणि तरी नाही आला तर लाल दिवा लाव, पुढे जाऊ नको. दुसऱ्यात कॅमेरा नुसता नोंदीसाठी, तिथे दोन सेकंदांत सोडून दे. हे लिहायला तुमच्याकडे जागा कुठे आहे? डिव्हाइस ट्रीमध्ये लिही म्हटलं तर तुम्ही म्हणता, तिथे फक्त हार्डवेअरचं वर्णन.

ती : म्हणतो, आणि त्याला कारण आहे. ती फाइल लिनक्सपुरती नाही, बूटलोडरही वाचतो, उद्या दुसरी कुठली प्रणाली वाचेल. त्यात ‘संभाजीनगरच्या अमुक लाइनवर दोन मिनिटं’ असं लिहिलं तर ती तुमच्या कारखान्याची फाइल झाली. बूटच्या ओळीत मुदत देता येते.

ते : सबंध बोर्डाला एकच. मला उपकरणागणिक हवी.

ती : तसा पॅच पाठवला तर येणारं पहिलं उत्तर मला आत्ताच माहीत आहे. हे धोरण आहे, धोरण यूजरस्पेसमध्ये ठेवा.

ते : आणि यूजरस्पेस उठायच्या आधीच तर तुझी सगळी धावपळ होते.

ती : सगळी नाही. कॅमेरा, स्कॅनर, काटा यांचे ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवा. कर्नल उठेल, मग तुमचा प्रोग्रॅम ठरवेल कोणाला कधी आणायचं, किती थांबायचं, लाल दिवा कधी लावायचा.

ते : मूळ डिस्क, वीज, क्लॉक यांचं काय? ते मॉड्यूल केले तर मॉड्यूल वाचायला डिस्क कुठून आणू? म्हणजे जे चुकलं तरी मशीन उभं राहतं तेवढंच तू माझ्या हातात देतेस. ज्याच्यामुळे मशीन आडवं होतं ते तुझ्याकडेच.

ती : तेही थोडंफार देता येतं. इनिटरॅमएफएस, म्हणजे मूळ डिस्क यायच्या आधी मेमरीतच उलगडणारं छोटं यूजरस्पेस. डिस्कचा ड्रायव्हर, तिच्या विजेचा ड्रायव्हर त्यात ठेवा आणि तिथेच तुमच्या मुदती लिहा.

ते : ठेवतो. कॅमेऱ्यासाठी तिथे दोन मिनिटं थांबतो, आणि त्याच वेळात पडद्याचा रेग्युलेटर तीस सेकंद मोजून बंद होतो. त्याला माझ्या दोन मिनिटांची बातमी कोण देणार?

ती : त्या रेग्युलेटरला फाइलीत ‘कायम चालू’ लिहा.

ते : ते तर आत्ताच धोरण म्हणालीस ना?

ती : वीज कायम लागते हे हार्डवेअरचं वर्णन आहे, असं म्हणून खपवतात. मीही खपवलंय. पण ‘पडदा येईपर्यंत’ असं लिहायला तिथे शब्द नाही, हे खरं.